झाकणापुरती स्वदेशी

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठी मध्यमवर्गीय घरात एक खर्च ठरलेला असतो. पूर्वी तो सायकलीचा किंवा मनगटी घड्याळाचा असे. आता तो लॅपटॉपचा असतो. अभियांत्रिकीला जाणाऱ्याला तो लागतोच, पण वाणिज्य आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याचेही त्यावाचून चालत नाही. २०२५ च्या अखेरीपासून हा खर्च अधिकच जड होऊ लागला. त्याचे कारण आपल्या अर्थसंकल्पात नव्हते आणि आपल्या बाजारपेठेतही नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अवाढव्य संगणक-केंद्रे उभारण्याच्या शर्यतीत अमेरिकी कंपन्यांनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढवली की, सर्वसामान्यांच्या लॅपटॉपच्या वाट्याला येणारी मेमरी तुटपुंजी झाली आणि महागली. संगणकाला लागणारी ही मुख्य मेमरी जगात प्रामुख्याने तीनच कंपन्या बनवतात. सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दोन दक्षिण कोरियाच्या, तर मायक्रॉन अमेरिकेची. त्यांपैकी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा 'क्रुशल' हा आपला व्यवसायच आवरता घेत असल्याचे जाहीर केले. नांदेडच्या किंवा चिपळूणच्या पालकाच्या खिशाला बसलेली चाट ही कॅलिफोर्निया आणि सोल येथील निर्णयांची परिणती आहे, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

हे एकटे उदाहरण असते तर बाजारातील चढउतार म्हणून सोडून देता आले असते. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीला दिला जाणारा नियमित आधार संपवला. ज्या यंत्रांत पुढच्या आवृत्तीला हवी असलेली सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नाही, असे लक्षावधी धडधाकट लॅपटॉप एका परक्या कंपनीच्या वेळापत्रकानुसार त्या दिवशी म्हातारे ठरले. त्याआधी तीन महिने, जुलै २०२५ मध्ये, याहून गंभीर प्रकार घडला होता. रशियन भांडवलाचा मोठा हिस्सा असल्यामुळे गुजरातेतील वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेल व अन्य सेवा रोखल्या. कंपनी भारताच्या भूमीवरची, भारतीय कायद्याने चालणारी आणि सेवेचे पैसे मोजलेली, निर्बंध युरोपचे, आणि कळ दाबणारी कंपनी अमेरिकेची! नायराला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या हे खरे, पण देशाच्या इंधनपुरवठ्यातील एका मोठ्या दुव्याचे कामकाज बाहेरून थांबवता येते हे तेवढ्या दिवसांत साऱ्या जगाला दिसून गेले.

स्वदेशी म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका जाडेभरडे खादीचे कपडे घालून गेले होते, तेव्हापासूनचा तो वारसा आहे. मात्र त्या काळी स्वदेशीची परीक्षा सोपी होती. सूत कुठे कातले, कापड कुठे विणले, एवढे विचारले की उत्तर मिळे. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच कऱ्हाडजवळच ओतली जात असे, म्हणून तो कंदील निःशंकपणे आपला होता. आजच्या लॅपटॉपला हा प्रश्न विचारून पाहावा. त्याचा पडदा बाहेरचा, प्रोसेसर बाहेरचा, मेमरी बाहेरची, ते सारे सांधणारा मदरबोर्ड बहुधा बाहेरचा, ते यंत्र चालवणारी प्रणाली बाहेरची आणि बोटांखालच्या कळांवरची अक्षरेसुद्धा बाहेरची. आपल्याकडे होते ती जुळणी. या जुळणीला नाके मुरडण्याचे कारण नाही. मोबाइल फोनच्या क्षेत्रात आपण जुळणीपासूनच आरंभ केला आणि आज त्याच्या उत्पादनात भारताचा क्रमांक जगात दुसरा लागतो. पण जुळणीलाच स्वदेशी म्हणून समाधान मानू लागलो, तर ती स्वदेशी लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदाइतकीच पातळ राहील.

आपल्याला हे जमतच नव्हते का? तसे मुळीच नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या आसुस कंपनीने 'ई पीसी' नावाचा सात इंची पडद्याचा चिमुकला संगणक बाजारात आणला आणि जगभर 'नेटबुक'ची लाट उसळली. स्वस्त, हलका, लिनक्स प्रणालीवर चालणारा, विद्यार्थ्याच्या दप्तरात मावणारा संगणक ही कल्पना तेव्हा अभिनव म्हणून वाखाणली गेली. परंतु सर्वसामान्यांसाठीचा हाती धरण्याजोगा संगणक भारताने त्याच्या कितीतरी आधी घडवला होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय आणि रमेश हरिहरन या प्राध्यापकांनी एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीच्या सहकार्याने 'सिंप्युटर'ची संकल्पना साकार केली आणि २००१ मध्ये तिची दखल अमेरिकी वृत्तपत्रांनीही घेतली. एप्रिल २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने बनवलेला 'अमिडा सिंप्युटर' विक्रीस आला. त्याला स्पर्शाने चालणारा पडदा होता, भारतीय भाषा होत्या, यंत्र कलते केले की त्याची जाणीव होणारा संवेदक होता. आयफोन यायला त्यानंतर तीन वर्षे लागली!

तरीही सिंप्युटरची विक्री काही हजारांपुढे सरकली नाही. कारणे अनेक सांगितली जातात. किंमत ठरवल्यापेक्षा चढली, मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त झाले, वितरणाची व्यवस्था नव्हती. ती सारी खरी असतील. परंतु त्या काळात देशातील राज्य सरकारे तलाठ्यांपासून शाळांपर्यंत संगणकीकरणाच्या घोषणा करीत होती, आणि त्यांपैकी एकाही सरकारने लाखभर सिंप्युटरची मागणी नोंदवली नाही. पहिले यंत्र नेहमीच थोडे महाग आणि थोडे ओबडधोबड असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले जात नव्हते, लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत होते, तेव्हा त्यांनी नांगर भंगारात काढले असते तर किर्लोस्करवाडी उभीच राहिली नसती. किर्लोस्करांपाशी चिकाटी होती आणि पुढे औंधच्या राजेसाहेबांचा पाठिंबा मिळाला. सिंप्युटरच्या निर्मात्यांपाशी चिकाटी होती. औंध मात्र त्यांना भेटले नाही.

पुढे 'आकाश' टॅब्लेटचे काय झाले, ते वाचकांना आठवत असेल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी मोठ्या गाजावाजाने त्याचे उद्घाटन केले. एक परदेशस्थ कंपनी, अवास्तव कमी किंमत आणि संथ चालणारे यंत्र असा तो संसार होता. दुसऱ्या आवृत्तीचे आतले संच चीनमधून आल्याचे उघड झाल्यावर त्या प्रकल्पाची रया गेली. सिंप्युटरला आराखडा होता पण मागणी नव्हती. आकाशला सरकारी मागणी होती पण आराखडा आपला नव्हता. दोन्ही एकत्र कधी आलेच नाहीत.

याहूनही बोधप्रद आहे ती दोन कार्डांची कहाणी. मराठी वाचकाला ती ठाऊक असायला हवी, कारण त्यांतले एक कार्ड पुण्याचे आहे.

१९८४ मध्ये बीजिंगमधील चिनी विज्ञान अकादमीच्या संगणक संस्थेतील काही संशोधकांनी दोन लाख युआनच्या भांडवलावर एक कंपनी काढली. लियू चुआनझी हे तिचे नेते. त्या काळी संगणकावर चिनी अक्षरे उमटत नसत. नि ग्वांगनान या अभियंत्याने घडवलेले एक कार्ड संगणकात बसवले की तो चिनी लिपीत काम करू लागे. हेच कार्ड त्या कंपनीचे पहिले यशस्वी उत्पादन ठरले. त्याच्या नफ्यातून आणि परदेशी संगणकांच्या विक्रीतून पैसा उभा राहिला, १९९० मध्ये कंपनीने स्वतःच्या नावाचे संगणक काढले, १९९७ पर्यंत ती चीनमधील सर्वांत मोठी संगणक-विक्रेती झाली आणि २००५ मध्ये तिने खुद्द आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा विभाग विकत घेतला. ही कंपनी म्हणजेच लेनोव्हो. २०१३ मध्ये ती जगातील पहिल्या क्रमांकाची संगणक-उत्पादक बनली.

आता आपले कार्ड. जवळजवळ त्याच काळात कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे हे देवनागरी संगणकावर काम करीत होते. १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्यांचा देवनागरी संगणक मांडला गेला. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, तेव्हा तांबे आपले तंत्रज्ञान घेऊन पुण्यात आले आणि 'जिस्ट कार्ड' जन्मले. ते बसवले की साधा संगणक मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली अशा भाषांत बोलू लागे. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये याच सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, त्याचे कौतुक आजही होते आणि ते योग्यच आहे. परंतु परमच्या झगमगाटात जिस्ट कार्डाकडे देशाचे पुरेसे लक्ष गेले नाही असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. महासंगणक काही मोजक्या प्रयोगशाळांत जाणार होता. जिस्ट कार्ड प्रत्येक तहसील कचेरीत, प्रत्येक छापखान्यात आणि कालांतराने प्रत्येक घरात जाऊ शकत होते.

बुद्धीत आपण कुठेही उणे नव्हतो. उलट जिस्टच्या परिवारातून आलेला 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक चिनी लिपीतील कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक सुबक आहे. आपल्या वर्णमालेची शास्त्रशुद्ध रचना त्यात जशीच्या तशी उतरली आहे. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आणि वर्गातील अल्पप्राण व महाप्राण एकाच कळेवर. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारतातील ब्राह्मीपासून निघालेल्या साऱ्या लिपींना एकच मांडणी आहे. मराठीत जिथे 'क' तिथेच कन्नडमध्ये 'क', तिथेच बंगालीत आणि तेलुगूतही. भारताच्या भाषिक विविधतेखाली एक समान सांस्कृतिक आधार आहे, हे आपण व्याख्यानांतून सांगत असतो. तो आधार इथे बोटांनी चाचपता येतो!

मग बीजिंगच्या कार्डातून जागतिक कंपनी उभी राहिली आणि पुण्याचे कार्ड कार्डच का राहिले? चीनमध्ये हुकूमशाही आहे म्हणून, हे उत्तर आपल्याला आवडते, पण ते अपुरे आहे. चीननेही १९९० च्या दशकाच्या आरंभी संगणकांवरील आयातशुल्क उतरवले आणि त्या कंपनीला परदेशी स्पर्धेला तोंड द्यावे लागले. फरक असा की तिथे संशोधन संस्थेने आपल्या माणसांना कंपनी काढू दिली, नफा त्याच कामात पुन्हा गुंतवू दिला आणि सरकारी खात्यांनी त्यांचा माल वर्षानुवर्षे घेतला. आपल्याकडे संशोधन संस्था संस्थाच राहिली. तिने तंत्रज्ञान इतरांना परवान्याने दिले आणि त्या कार्डाभोवती संगणक बांधणारी कंपनी उभी राहिली नाही. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिपींच्या सांकेतनाचे मानक जाहीर केले खरे, परंतु फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येकाने आपापले वेगळे सांकेतन चालवले आणि सरकारी खात्यांनी ते निमूटपणे विकत घेतले. परिणाम असा की त्या काळात टंकलेला मराठीचा अफाट मजकूर आज उघडला तर गिचमीड दिसतो. हा अपराध कोणा मल्टिनॅशनल कंपनीचा नाही. तो आपला आहे. अखेर २००० साली आलेल्या विंडोजच्या आवृत्तीने देवनागरीला आधार दिला आणि मराठीला संगणकावर घर मिळाले तेही भाड्याचेच.

त्यात भर पडली ती करारांची. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत माहिती तंत्रज्ञान करार झाला आणि मार्च १९९७ मध्ये देवेगौडा सरकारने भारताला त्यात सामील केले. त्यानुसार संगणक आणि त्याच्या सुट्या भागांवरील शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणणे बंधनकारक झाले. दत्तोपंत ठेंगडी डंकेल प्रस्तावापासून ज्या धोक्याविषयी सावध करीत होते, तो हाच. वीज अनियमित, रस्ते खराब, कर्ज महाग, आणि समोर शून्य शुल्काने येणारा माल! १९७६ मध्ये तैवानमध्ये एसर आणि भारतात एचसीएल या दोन्ही कंपन्या जन्मल्या. एसर आज जगभर लॅपटॉप विकते. एचसीएलने नेटबुकच्या लाटेत 'मायलीप' काढून पाहिले आणि २०१३ च्या सुमारास संगणक बनवणेच सोडले. विप्रोही त्याच वर्षी त्या व्यवसायातून बाहेर पडली. २०१५ मध्ये त्या कराराची विस्तारित आवृत्ती आली तेव्हा मोदी सरकारने तीत सामील होण्यास नकार दिला, हे या संदर्भात मुद्दाम नोंदवले पाहिजे.

या सरकारने पुढेही बरेच केले. संगणक उत्पादनासाठी २०२१ मध्ये सुरू केलेल्या प्रोत्साहन योजनेला प्रतिसाद बेताचा मिळाला, म्हणून मे २०२३ मध्ये १७ हजार कोटी रुपयांची दुसरी योजना आणली आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये २७ कंपन्यांना मान्यता दिली. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या निर्मितीसाठी जवळजवळ २३ हजार कोटींची वेगळी योजना मंजूर झाली. ती जुळणीच्या पलीकडे जाणारी असल्याने आम्हांला अधिक मोलाची वाटते. परंतु ३ ऑगस्ट २०२३ चा प्रसंग विसरता येत नाही. त्या दिवशी लॅपटॉप, टॅब्लेट आणि सर्व्हरच्या आयातीला परवाना आवश्यक करणारा आदेश निघाला, तोही तत्काळ लागू होणारा. त्याआधीच्या आर्थिक वर्षात आपण पाच अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे संगणक बाहेरून आणले होते आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश चीनचे होते. गलवाननंतर ॲपवर बंदी घालणाऱ्या देशाने यंत्रांकडेही पाहणे रास्तच होते. पण दुसऱ्याच दिवशी आदेश ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलला गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे रूपांतर केवळ नोंदणी-अधिकारपत्राच्या व्यवस्थेत झाले, जिला पुढे मुदतवाढी मिळत राहिल्या. उद्देश निर्मळ होता, यात शंका नाही. मात्र घरात पीठ नसताना बाजारची भाकरी बंद करण्याचा हुकूम एका दिवसापेक्षा जास्त टिकत नाही, आणि तो मागे घेताना हुकूम काढणाऱ्याचीच पत जाते. आपले सरकार आहे म्हणून हे बोलू नये, असे आम्ही मानत नाही.

सुरक्षेचा मुद्दा येथे ओघानेच येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये हिजबुल्लाच्या लोकांच्या खिशातील पेजर एकाच वेळी फुटले. कोणाची बाजू न्याय्य होती हा प्रश्न वेगळा. पण पुरवठ्याच्या साखळीत मध्येच कोणी हात घातला तर साधे यंत्र काय होऊ शकते, हे त्या दिवशी कळले. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत कारखान्यातूनच 'सुपरफिश' नावाची प्रणाली भरून आल्याचे आणि ती ग्राहकाच्या सुरक्षित संकेतस्थळांच्या व्यवहारांतही डोकावू शकत असल्याचे उघडकीस आले होते. भारताने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-तपासणी सक्तीची केली आहे. भिंतीवरच्या कॅमेऱ्याला जो नियम, तो जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावरच्या लॅपटॉपला का नसावा?

परंतु सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे ती कळफलकाची. जपानमध्ये लॅपटॉप घेतला तर कळांवर जपानी अक्षरे असतात. थायलंडमध्ये थाई, इस्रायलमध्ये हिब्रू, ग्रीसमध्ये ग्रीक अक्षरे रोमनच्या शेजारी छापलेली असतात. ग्रीसची लोकसंख्या मुंबई महानगराच्या निम्मीसुद्धा नाही! तरी त्यांच्यासाठी वेगळा कळफलक छापणे कंपन्यांना परवडते. आणि नऊ-दहा कोटी माणसे जी भाषा बोलतात, जिला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने अभिजात दर्जा दिला, तिच्यासाठी, किंबहुना हिंदी-मराठी-कोकणी-नेपाळी मिळून साऱ्या देवनागरीसाठी, भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर एक अक्षर नाही. मागणी नाही, असे कंपन्या म्हणतात. रुपयाच्या चिन्हाला तरी कुठे मागणी होती? १५ जुलै २०१० रोजी मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले चिन्ह सरकारने स्वीकारले आणि पाहता पाहता ते '४' च्या कळेवर जाऊन बसले. आज आपल्या लॅपटॉपवरची ती एकमेव भारतीय खूण आहे. देशाने ठरवले की कंपन्या छापतात.

मोबाइलच्या बाबतीत देशाने तसे ठरवलेही. भारतीय मानकानुसार २०१८ पासून प्रत्येक फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची, तसेच घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषा वाचण्याची सोय सक्तीची झाली. लॅपटॉपसाठी इनस्क्रिप्टची अक्षरे छापण्याचा तसाच नियम करायला ना कारखाना लागतो ना हजारो कोटी. बोलले की यंत्र आपोआप लिहिते, मग कळफलक कशाला, असे नव्या पिढीतील काही हुशार मंडळी विचारतात. पत्र बोलून लिहिता येते. हिशेबाचा तक्ता, कायद्याचा मसुदा, संगणकाची आज्ञावली किंवा परीक्षेचे उत्तर नाही. ज्या मुलाला मराठी लिहिण्यासाठी आधी मनात 'एम-ए-आर' असे रोमन स्पेलिंग करावे लागते, त्याच्या मराठीची सावलीसुद्धा उद्या रोमन पडेल.

घरात नवा लॅपटॉप घेताना आपल्या हाती काय उरते? संपूर्ण स्वदेशी यंत्र आज दुकानात नाही, हे मान्य करून चालावे लागेल. मात्र खोक्यावर उत्पादनाचा देश लिहिलेला असतो, तो वाचावा. चार्जर आणि पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. ही नोंदणी २०१३ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे आणि रस्त्यावर मिळणारा दोनशे रुपयांचा चार्जर बहुधा तिच्याशिवाय असतो. सी प्रकारच्या खोबणीवर चार्ज होणारे यंत्र घेतले तर घरातील चार जणांना एकच चार्जर पुरतो. फार चपटे यंत्र मोहात पाडते, पण त्याची मेमरी बहुधा मदरबोर्डवरच डकवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही आणि बिघडली की सारा बोर्डच बदलावा लागतो. झाकण उघडून बॅटरी, मेमरी आणि साठवणूक बदलता येईल असे थोडे जाड यंत्र दुरुस्तीवाल्याला पोसते आणि आपल्यालाही. मुंबईत भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवर, आणि पुण्यात तपकीर गल्लीत जे कारागीर छोट्याशा टेबलावर मदरबोर्डचे सांधे जोडतात, त्यांच्याइतके कौशल्य मोठमोठ्या सेवा केंद्रांत आढळत नाही. उद्या या देशात मदरबोर्ड बनायचे असतील तर त्यांची माणसे याच गल्ल्यांतून येतील.

आणि जुने यंत्र भंगारात देण्याची घाई करू नये. 'विंडोज १०' पर्यंतच धावणारा लॅपटॉप, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवून आणि लिनक्स प्रणाली घालून, आणखी चार-पाच वर्षे सहज काम देतो. सी-डॅकने भारतीय भाषांसह तयार केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली २००७ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील असे पडून असलेले लॅपटॉप गोळा केले, अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून ते दुरुस्त केले आणि जवळच्या वनवासी वसतिगृहाला किंवा अभ्यासिकेला दिले, तर एका रविवारचे काम आहे. पैसा फंडाला अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकच पैसा मागितला होता. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

राहिला प्रश्न मोठ्या मागणीचा, ज्यावाचून सिंप्युटर गेला. तमिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना लक्षावधी लॅपटॉप वाटले. उत्तर प्रदेशात अखिलेश यादव यांच्या सरकारने तसेच सुमारे पंधरा लाख वाटले, आणि ते अमेरिकी कंपनीचे होते. एकेका राज्याची ही एकेक खरेदी एखाद्या भारतीय आराखड्याला पहिल्या दहा वर्षांचा श्वास देऊ शकली असती. २०१७ च्या केंद्रीय आदेशाने सरकारी खरेदीत देशी मूल्याला प्राधान्य दिले आहे आणि निम्म्याहून अधिक मूल्य देशात घातलेल्या उत्पादकाला पहिला मान आहे. महाराष्ट्रात तर एमएस-सीआयटीच्या निमित्ताने २००१ पासून गावोगावी संगणक केंद्रांचे जाळे आहे, पुण्यात सी-डॅक आहे, मुंबईत आयआयटी आहे. जिल्हा परिषदांच्या शाळांसाठी आणि शासकीय कार्यालयांसाठी होणारी लॅपटॉपची खरेदी पाच वर्षांच्या एकत्रित कराराने करावी. मदरबोर्डची आखणी भारतात झालेली असणे, कळांवर देवनागरी इनस्क्रिप्ट छापलेले असणे, बॅटरी व मेमरी बदलता येणे आणि सात वर्षे सुटे भाग मिळण्याची हमी, या चार अटी निविदेत घालाव्यात. यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. निविदेच्या अटी मंत्रालयातच लिहिल्या जातात.